चिलीची मर्लो आणि चिलीची कार्मेनेर

तीसेक वर्षांपूर्वी चिलीच्या रेड वाइनच्या बाटलीवर ‘मर्लो’ या द्राक्षाचं नाव छापलेलं असलं, तरी आत मर्लोच असेल याचा भरवसा नव्हता. तिथल्या बागायतदारांना काहीतरी वेगळं आहे हे दिसत होतं. मर्लोच्या ओळींमधल्या काही वेली उशिरा पिकायच्या आणि पानगळीच्या दिवसांत लालभडक व्हायच्या. त्यांना ‘मर्लो चिलेनो’ (चिलीची मर्लो) म्हणायचं आणि तोडणी सगळ्यांची एकदमच करायची, असा रिवाज होता.

२४ नोव्हेंबर १९९४ रोजी झां-मिशेल बुर्सिको हे फ्रेंच द्राक्षतज्ज्ञ मायपो खोऱ्यातल्या विन्या कार्मेनच्या बागेत आले आणि त्यांनी त्या वेली ओळखल्या. ती कार्मेनेर होती. बोर्डो या फ्रान्समधल्या वाइनच्या मुलखाचा हा जुना वाण फ्रान्समधून जवळपास नाहीसा झाला होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चिलीच्या जमीनदारांनी बोर्डोहून काड्या मागवल्या, तेव्हा मर्लोबरोबर हाही आला. पुढे फिलॉक्सेरा या वेलींची मुळं खाणाऱ्या किडीने बोर्डोच्या बागा संपवल्या. नव्या लागवडीत कार्मेनेर फारसा कुणाला नको होता, कारण फुलोऱ्यात हवा थंड-ओली राहिली की फळधारणा कोसळते आणि पिकायलाही फार वेळ लागतो. चिलीत फिलॉक्सेरा पोचला नाही, पावसाळा हिवाळ्यातच उरकतो आणि उन्हाळा कोरडा जातो. तिथे तो टिकला, पण दुसऱ्याच्या नावावर. १९९८ मध्ये चिली सरकारने त्याला स्वतंत्र वाण म्हणून मान्यता दिली.

गोंधळ होण्याला कारणही आहे. काबर्ने फ्रां हा द्राक्षाचा वाण दोघांचाही एक पालक, म्हणजे ही सावत्र भावंडं. वेल ओळखायची तर कोवळा शेंडा बघावा. मर्लोचा पांढुरका असतो, कार्मेनेरचा तांबूस. पण ग्लास हातात घेणाऱ्याला याचा काय उपयोग? त्याच्यासाठी महत्त्वाचा फरक तोडणीच्या वेळेचा. कार्मेनेर मर्लोनंतर तीन ते पाच आठवड्यांनी तयार होते. चिली दक्षिण गोलार्धात असल्याने तिकडे तोडणीचा हंगाम आपल्या कॅलेंडरच्या सुरुवातीला येतो. मर्लो साधारण मार्चमध्ये उतरते, तर कार्मेनेर एप्रिलअखेर, कधी मेपर्यंतही वेलीवर राहते. दोन्ही एकदम तोडली तर एक तरी बिघडणारच. मर्लोच्या मुहूर्ताला तोडलेली कार्मेनेर कच्ची असते आणि तिच्यात पायराझीन भरपूर उरतं. ढोबळी मिरचीला तिचा वास देणारं द्रव्य हेच. जुन्या चिलियन ‘मर्लो’मध्ये जो हिरवट दर्प यायचा, त्याचं खापर बरेच लोक वाइन करणाऱ्यांवर फोडायचे. माझ्या मते त्यातला मोठा वाटा या चुकलेल्या तारखेचा होता.

आता दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून चाखा, शक्यतो एकाच उत्पादकाच्या, एकाच वर्षाच्या आणि सारख्या किमतीच्या. मर्लोत आलुबुखार, चेरी आणि थोडं चॉकलेट मिळेल. जिभेवर ती गोलसर वाटते आणि फार कोडी घालत नाही. कार्मेनेरचा रंग गडद जांभळा. वासात काळी बेरी, मिरी, धूर, कधी कॉफी, कधी सोया सॉस आणि मागे ती ढोबळी मिरची. मिरची मागे असेल तर ती वाइनची ओळख समजा. पहिल्याच वासात पुढे आली, तर द्राक्षं लवकर तोडली असावीत. उलटं टोकही असतं. हिरवटपणाच्या धास्तीने काही जण द्राक्षं इतकी पिकवतात की वाइन जॅमसारखी होते आणि वर ओकच्या लाकडी पिंपांच्या वासाचा मारा. मला त्यापेक्षा जराशी मिरची परवडली.

ठेवणीच्या बाबतीत दोघींकडून फार अपेक्षा नको. कार्मेनेरची आम्लता मुळात कमी आणि टॅनिन (तुरटपणा देणारं द्रव्य) मऊ, त्यामुळे तरुणपणीच ती छान लागते. स्वस्त बाटली हंगामापासून तीन-चार वर्षांत संपवावी. मर्लोचंही तेच. काचापोआल खोऱ्यातल्या पेउमोची किंवा कोल्चाग्वा खोऱ्यातल्या आपाल्ताची वरच्या दर्जाची कार्मेनेर आठ-दहा वर्षं जाऊ शकते, कारण तिथे फळ सावकाश, पूर्ण पिकतं. शिवाय अशा वाइनला कणखरपणा यावा म्हणून तिच्यात काबर्ने सोव्हिन्यों किंवा पती व्हर्दो या द्राक्षांची वाइन थोडी मिसळतात. मॉन्तेस या चिलियन उत्पादकाची ‘पर्पल एंजल’ याचं सरळ उदाहरण, त्यात कार्मेनेरला पती व्हर्दोची जोड आहे. लेबलवरच्या ‘रेसेर्व्हा’ शब्दावर मात्र ठेवणीचा हिशेब बांधू नका. स्पेनमध्ये त्यामागे मुरवण्याच्या ठरावीक वर्षांचा नियम आहे, चिलीत तसा नाही.

आपल्याकडे चिलियन वाइन ‘स्वस्त आणि मस्त’ राहत नाही. आयात शुल्क आणि राज्याचे कर लागून किंमत भलतीच चढते. म्हणूनच घेतलेली बाटली पुण्या-नागपुरातल्या उन्हाळ्यात कपाटात ठेवणं परवडणारं नाही. १२ ते १५ अंशांचं वाइन कॅबिनेट नसेल, तर तळघराचं स्वप्न सोडा आणि वर्षभरात उघडा. फ्रिजमध्ये ठेवली असेल तर प्यायच्या आधी अर्धा-पाऊण तास बाहेर काढा. गार कार्मेनेरचा तुरटपणा आणि हिरवटपणा दोन्ही बोचतात. १६-१७ अंशांवर ती खुलते. ३२ अंशांच्या खोलीत ठेवलेली असेल, तर उलट वीसेक मिनिटं फ्रिजमध्ये ढकला. सोबत मिरीचं मटण किंवा भाजलेली वांगी चालतील. लाल तिखटाचा झणझणीत रस्सा मात्र नको, त्यापुढे दोघींचं फळ हरवतं आणि फक्त अल्कोहोल जाणवतं.