शंभर वर्षं काम न कळलेली पेशी

पॉल लांगरहान्स यांनी १८६८ मध्ये बर्लिनमध्ये माणसाची त्वचा गोल्ड क्लोराइडने रंगवली, तेव्हा फांद्या फुटलेल्या काही पेशी काळ्या उमटून आल्या. लांगरहान्स तेव्हा वैद्यकाचे विद्यार्थी होते. फांद्या पाहून त्यांनी या पेशी मज्जासंस्थेच्या ठरवल्या. तो तर्क पुढे टिकला नाही, पण पेशींचं खरं कामही कुणाला उमगलं नाही.

१९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात राल्फ स्टाइनमन आणि झॅनव्हिल कोन यांना उंदराच्या प्लीहेत तशाच फांद्यांच्या पेशी दिसल्या. संख्येने अगदी थोड्या. टी पेशींना, म्हणजे रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना, जागं करण्याचं काम मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशी करतात, अशी त्या काळी बहुतेकांची खात्री होती. या कामात फांद्यांच्या या पेशी, म्हणजेच डेंड्रायटिक पेशी, किमान शंभरपट सरस आहेत, असं स्टाइनमन यांनी १९७८ मध्ये दाखवलं, तरी शंका उरल्याच. माझ्या मते त्यांचं मोठेपण शोधापेक्षा त्यानंतरच्या चिवटपणात आहे.

दरम्यान, १९७४ मध्ये कॅनबेरात झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी टी पेशीला नुसता विषाणू ओळखता येत नाही, हे सिद्ध केलं. त्याचा तुकडा पेशीच्या पृष्ठभागावरच्या, शरीराच्याच एमएचसी रेणूवर मांडलेला लागतो. त्या रेणूतली तुकडा धरणारी खाच १९८७ मध्ये प्रत्यक्ष दिसली.

डेंड्रायटिक पेशींवरचा आक्षेप मात्र रास्त होता. प्रयोगशाळेतल्या डेंड्रायटिक पेशी फारसं काही गिळतच नव्हत्या. मग दाखवणार काय? १९८५ मध्ये शूलर आणि स्टाइनमन यांच्या प्रयोगातून वाट सापडली. त्वचेतून नुकत्याच काढलेल्या लांगरहान्स पेशी, म्हणजे १८६८ मध्ये दिसलेल्या त्याच, टी पेशींना फारसं चेतवत नाहीत. दोन-तीन दिवस वाढवल्या की तेच काम जोरात करतात. म्हणजे गिळणं आणि दाखवणं एकाच पेशीच्या वेगवेगळ्या अवस्थांतली कामं. ऊतीत असताना ती सतत टिपत राहते. जंतूची चाहूल लागली की गिळणं कमी करते, पृष्ठभागावर सीसीआर७ हा ग्राहक वाढवते आणि लसिकावाहिनीतून लसिकाग्रंथी गाठते. तिथे प्रतिजनाच्या, म्हणजे गिळलेल्या परक्या पदार्थाच्या, तुकड्यासोबत सीडी८० आणि सीडी८६ या पृष्ठभागावरच्या रेणूंचा दुसरा इशाराही देते. तो नसेल तर टी पेशी बहुधा निष्क्रिय होते.

स्टाइनमन यांना २०११ चं नोबेल जाहीर झालं, पण तीनच दिवस आधी ते वारले होते. निर्णय तसाच ठेवला गेला.

एक गाठ मात्र १९७६ पासूनची आहे. बाहेरून गिळलेल्या प्रथिनाचे तुकडेही मारक टी पेशींना (बाधित पेशी मारणाऱ्या टी पेशींना) दाखवले जातात, हे मायकेल बेव्हन यांनी तेव्हा दाखवलं. ते प्रथिन पेशीच्या आत नेमकं कोणत्या वाटेने जातं, यावर अजून वाद चालू आहे.