बे (भूगोल)

बे : किनारा आत वळल्याने जमिनीत शिरलेल्या, पण समुद्राच्या बाजूने मोकळ्या राहिलेल्या जलभागासाठीचा इंग्रजी शब्द. मराठीत त्याला उपसागर हा पारिभाषिक पर्याय रूढ आहे. आखात आणि खाडी हे शब्दही प्रसंगी त्याच्या जागी येतात. पाढ्यातील ‘बे’शी त्याचा काही संबंध नाही.

इंग्रजीत हा शब्द फ्रेंचमार्गे, साधारणपणे चौदाव्या शतकाच्या अखेरीस आलेला दिसतो. त्याच्या मागे उत्तरकालीन लॅटिन ‘बाइया’ आहे. सातव्या शतकाच्या पूर्वार्धातील सेव्हिलचा बिशप इसिडोर याने त्याचा संबंध माल वाहून नेण्याच्या अर्थाच्या लॅटिन क्रियापदाशी जोडला होता. ती व्युत्पत्ती आता कोणी मानत नाही. शब्द मूळचा आयबेरियन द्वीपकल्पातला असावा, या मताकडे अभ्यासकांचा कल आहे. स्पॅनिश व पोर्तुगीजमधील ‘बाइया’ हे त्याचेच भाऊबंद, आणि मुंबईच्या नावाचा वाद तिथूनच सुरू होतो.

इमारतीतील ‘बे’ मात्र वेगळा. तो ‘आ वासणे’ या अर्थाच्या जुन्या फ्रेंच क्रियापदावरून आला आणि दोन खांबांमधील मोकळ्या जागेला लागू झाला. मराठीत यासाठी ‘खण’ हा नेमका शब्द आहे. ‘दोन खणी घर’ म्हणणाऱ्याला दुसऱ्या शब्दाची गरज पडत नाही. घोड्याचा तांबूस ‘बे’ रंग (कुमैत) आणि ‘बे लीफ’ यांचीही मुळे निराळी. ‘बे लीफ’चे भाषांतर तमालपत्र असे करतात, पण युरोपीय पान लॉरेलचे आणि आपले दालचिनीच्या जवळच्या नात्यातल्या झाडाचे.

कायद्याने ‘बे’ची व्याख्या काटेकोर केली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदा करारानुसार किनाऱ्यातील नुसते वळण पुरत नाही : दोन टोकांना जोडणारी मुखरेषा व्यास धरून काढलेल्या अर्धवर्तुळाएवढे किंवा त्याहून मोठे क्षेत्र आत असावे लागते. मुखरेषा २४ सागरी मैलांपेक्षा (सु. ४४ किमी.) लांब नसेल, तरच आतले पाणी त्या देशाचे अंतर्गत जल ठरते, ऐतिहासिक उपसागर (ज्यांवर एखाद्या देशाचा हक्क दीर्घकाळ मानला गेला आहे असे) याला अपवाद आहेत. बंगालचा उपसागर सु. २१.७ लाख चौ. किमी.चा आणि जगातला सर्वांत मोठा मानला जातो, तरी त्याच्या मुखावर अशी रेषा ओढण्याचा प्रश्नच येत नाही. भूगोलातला उपसागर आणि कायद्यातला उपसागर एक नव्हेत.

इंग्रजीत जवळच्या अर्थाचे शब्द पुष्कळ आहेत. ‘गल्फ’चे मूळ ग्रीक, अर्थ ऊर किंवा कुशी. ‘बाइट’ म्हणजे किनाऱ्याचा लांबरुंद बाक. ‘कोव्ह’ लहान व बंदिस्त. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ खोली. ‘क्रीक’ ब्रिटिश वापरात भरतीचे पाणी आत येणारा चिंचोळा फाटा, म्हणजे आपली खाडी, तर अमेरिकेत साधा ओढा. अमेरिकी मजकुराच्या भाषांतरात डोंगरावर खाडी अवतरते ती यामुळे.

मराठी पाठ्यपुस्तके रुंद तोंडाचा तो उपसागर व अरुंद तोंडाचे ते आखात, असा भेद शिकवतात. प्रत्यक्ष नावांत मात्र तो पाळलेला नाही. कॅनडातील हडसनचे तोंड चिंचोळे असूनही तो उपसागर. खंबायतचे तोंड फनेलासारखे पसरत गेलेले, तरी ते आखात. नकाशावर इंग्रजीत ‘बे’ असेल तिथे उपसागर, ‘गल्फ’ असेल तिथे आखात, हाच खरा नियम. त्यात हिंदीची भर पडते. हिंदीत दोहोंना ‘खाड़ी’ चालते. म्हणून ‘खाड़ी देश’ हे मराठीत आखाती देश होतात, आणि घाईत भाषांतरित झालेल्या बातमीत बंगालची खाडी होते. मराठीत खाडी म्हणजे भरतीचे पाणी आत जाते तो समुद्राचा फाटा किंवा नदीमुख : ठाण्याची, वसईची, मनोरीची. ‘खाडी’चा खाऱ्या पाण्याशी संबंध जोडण्याचा मोह होतो, पण तो शब्द ‘खड्डा’ या कुळातला मानणे अधिक सयुक्तिक. ‘आखात’मध्ये तर खणण्याचा धातू उघडच दिसतो.

मुंबईचे इंग्रजी नाव ‘बॉम्बे’ हे पोर्तुगीज ‘बोम बाइया’, म्हणजे चांगला उपसागर, यावरून पडले ही समजूत जुनी आहे. १६७३ च्या सुमारास येथे आलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज डॉक्टर-प्रवाशाने ती नोंदवली. तिच्यावर पहिला आक्षेप व्याकरणाचा : पोर्तुगीजमध्ये ‘बाइया’ स्त्रीलिंगी, तेव्हा विशेषण ‘बोआ’ हवे. यूल व बर्नेल यांच्या आंग्ल-भारतीय शब्दकोशाने (१८८६) याच कारणाने, आणि इतिहासही जुळत नाही म्हणून, ती फेटाळली. ही बेटे पोर्तुगीजांकडे आली १५३४ मध्ये; त्याआधीच, सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, दुआर्ते बार्बोझा या पोर्तुगीज लेखकाच्या वृत्तांतात ठाण्याच्या नावाला जोडून ‘मायांबू’सारखे रूप येते. ते ‘मुंबा’चे अपभ्रष्ट रूप असावे. पोर्तुगीज कागदपत्रांतील ‘बोंबाइं’ या रूपाचा शेवटही उपसागराचा पुरावा होत नाही. त्यांनी वसईचेही ‘बासाइं’ केले, आणि तिथे कोणी ‘बाइया’ शोधत नाही. स्थानिक नाव मुंबादेवीवरून आले व परभाषकांच्या तोंडी त्यातील पहिल्या ‘म’चा ‘ब’ झाला, हे मत सयुक्तिक वाटते. ‘मुंबा’ शब्दाच्या मुळाबद्दल (महाअंबा, मुबारक इ.) मतभेद आहेत, पण ती वेगळ्या नोंदीची बाब. मराठी बोलणाऱ्यांनी शहराला मुंबईच म्हटले. १९९५ मध्ये सरकारी इंग्रजी नाव बदलले ते मराठी नावाशी जुळवून घेण्यासाठी.

मजा अशी की, जिथे खरोखर ‘बे’ आहे तिथे मराठी नाव रुजले नाही. मलबार टोक ते कुलाब्याचे टोक यांच्यामधील, गिरगाव चौपाटीपाशी आत वळलेले पाणी म्हणजे बॅकबे. पूर्वेचे बंदर हे दर्शनी अंग, म्हणून किल्ल्याच्या पाठीमागचा तो ‘बॅक’. त्यात भराव घालण्याची १८६० च्या दशकातील खटपट अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपून, त्या युद्धामुळे चढलेला कापसाचा भाव कोसळल्यावर बुडाली. १९२० च्या दशकातील दुसऱ्या योजनेवर मुंबईचे वकील व काँग्रेस नेते खुर्शेद नरिमन यांनी झोड उठवली, आणि पुढे भराव घातलेल्या भागातील एका टोकाला त्यांचेच नाव मिळाले. ‘पाठीमागचा उपसागर’ असे कोणी म्हणत नाही. बसच्या पाटीवर ‘बॅकबे आगार’ असते. मिठी नदी जिथे समुद्राला मिळते त्या माहीमच्या ‘बे’ला लोक सरसकट खाडीच म्हणतात. त्याच्या तोंडावरून २००९ मध्ये वांद्रे–वरळी सागरी सेतू सुरू झाला. नाव सागरी, खाली पाणी उपसागराचे.