काबुकीतून स्त्रिया कशा गेल्या : पार्श्वभूमी

ओन्नागाता म्हणजे काबुकी या जपानी पारंपरिक नाट्यप्रकारात स्त्रीभूमिका करणारा पुरुष नट. अशा नटाच्या आयुष्यावरचा एक चित्रपट २०२५ साली जपानमध्ये तुफान चालला आणि काबुकीत स्त्रिया का नाहीत, हा जुना प्रश्न पुन्हा विचारला जाऊ लागला. उत्तर ठरलेले असते: १६२९ मध्ये शोगुनशाहीने, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राजवटीने, स्त्रियांना रंगमंचावर मनाई केली, त्यांच्या जागी पुरुष आले आणि तेव्हापासून हेच चालत आले. यातले साल बरोबर आहे. बाकीचे मात्र तपासून घ्यायला हवे, कारण ज्याला आपण चारशे वर्षांची परंपरा म्हणतो, तिचा सर्वांत पक्का भाग मनाई उठल्यानंतर घडलेला आहे.

मध्ययुगात स्त्रिया रंगकलेच्या बाहेर नव्हत्या. बाराव्या शतकातल्या शिराब्योशी नर्तकी उंच टोपी आणि तलवार असा पुरुषी वेश करून दरबारात नाचत. ‘कुसेमाई’ हा तालप्रधान नृत्य-गायनाचा प्रकारही स्त्रियांच्या एका परंपरेने जपलेला होता. नोह या मुखवटे घालून केल्या जाणाऱ्या जुन्या नाट्यप्रकाराला आज ओळखू येणारे रूप ज्या नटाने दिले, तो ही कला त्या परंपरेतल्या एका स्त्रीकडून शिकला होता. १३७४ च्या सुमारास क्योटोच्या इमाकुमानो देवळात कोवळ्या वयाच्या शोगुनने त्याचा खेळ पाहिला आणि राजाश्रय मिळाला. पंधराव्या शतकातल्या क्योटोच्या रोजनिशीत स्त्रियांनी केलेल्या नोहच्या खेळाची नोंद आहे. पुढे नोह ही सामुराई वर्गाची औपचारिक कला झाली, तेव्हा या स्त्रिया तिच्या इतिहासातून पुसट होत गेल्या. त्या नटाच्या मुलाने लिहिलेले नाट्यशास्त्रावरचे ग्रंथ शतकानुशतके घराण्यांच्या पेट्यांत राहिले आणि १९०९ मध्ये प्रथमच छापून सर्वांसमोर आले. मध्ययुगीन नोहविषयीची आपली समज किती अलीकडची आहे, ते यावरून लक्षात येते.

काबुकीची सुरुवात १६०३ मध्ये क्योटोत एका नर्तकीने केली, हे सर्वांना ठाऊक असते. तिचा गाजलेला प्रवेश कोणता होता, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. भडक कपडे घातलेला, कमरेला तलवार लावलेला एक छैलछबिला तरुण चहाघरातल्या बाईकडे येतो, असा तो प्रवेश. तरुणाचे काम ती स्वतः करी आणि चहाघरातली बाई होई एक पुरुष. म्हणजे स्त्रीवेशातला पुरुष काबुकीच्या पहिल्या दिवसापासून मंचावर होता. तो मनाईमुळे आला, हे म्हणणे इथेच लटके पडते.

तिची नक्कल करणारी मंडळे भराभर निघाली. त्यांतली बरीचशी कुंटणखान्यांच्या मालकांची होती. क्योटोच्या शिजो भागात, नदीच्या कोरड्या पात्रात, नुकत्याच लोकप्रिय झालेल्या शामिसेन या तीन तारांच्या वाद्याच्या साथीवर डझनावारी बायका एकत्र नाचत आणि खेळ संपल्यावर गिऱ्हाइकांशी सौदे होत. प्रेक्षकांत सामुराई, व्यापारी, मजूर सगळे शेजारी बसत. भांडणे होत, तलवारी निघत. निवृत्त शोगुनने १६०८ मध्येच आपल्या सुनपु शहरातून काबुकीच्या बायकांना हाकलून दिले होते.

आता १६२९ कडे येऊ. या एका हुकमावर जितका भार टाकला जातो, तितका तो पेलू शकत नाही.

पहिली गोष्ट, हा हुकूम केवळ काबुकीपुरता नव्हता. स्त्रियांचे नृत्य आणि स्त्रियांनी म्हटलेले जोरुरी, म्हणजे शामिसेनवरचे कथागायन, हेही त्यात आले. दुसरी गोष्ट, तो एकदाच निघाला नाही. पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत तीच मनाई पुनःपुन्हा काढावी लागली. स्त्री-पुरुषांनी एकत्र खेळ करू नयेत, असेही वेगळे बजावावे लागले. एकाच गोष्टीला वारंवार मनाई होते, तेव्हा ती गोष्ट चालू असते, एवढे तरी समजायला हरकत नाही. तिसरी गोष्ट क्रमाची. स्त्रिया गेल्या, जागा रिकामी झाली आणि मग किशोरवयीन मुलांची ‘वाकाशु’ काबुकी आली, असे पाठ्यपुस्तकी चित्र असते. पण मुलांची मंडळे १६१० च्या दशकापासून स्त्रियांच्या मंडळांसोबतच खेळ करत होती. मनाईने त्यांना जन्म दिला नाही, त्यांचे प्रतिस्पर्धी तेवढे दूर केले.

आणि कारण? इथे अभ्यासकांत खरा मतभेद आहे. एक बाजू नीतीची: समाज बिघडतो म्हणून मनाई. दुसरी बाजू सुव्यवस्थेची: नट्यांवरून सामुराईंत होणाऱ्या मारामाऱ्या आणि वर्गावर्गांतली सरमिसळ राज्यकर्त्यांना नको होती. तिसरी बाजू महसूल आणि नियंत्रणाची, आणि मला तीच सर्वांत वजनदार वाटते. एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, १६१७ मध्ये योशिवारा या परवानाधारक वेश्यावस्तीला मंजुरी मिळाली. खंदक आणि एकच मोठा दरवाजा असलेली ती वस्ती होती. क्योटोची वस्ती १६४० च्या आगेमागे शिमाबारात हलवून तशीच बंदिस्त करण्यात आली. देहविक्रय बंद करण्याचा शोगुनशाहीचा मुळीच विचार नव्हता, तो एका आवारात कोंडायचा होता. नदीपात्रातली नाचणारी बाई त्या आवाराबाहेर होती, हाच तिचा गुन्हा. नीतीचा मुद्दा खरा असता तर मुलांच्या काबुकीला आणखी तेवीस वर्षे मोकळीक मिळाली नसती, कारण तिथेही तोच बाजार भरत होता आणि खुद्द तिसरा शोगुन त्या मुलांच्या खेळांचा शौकीन होता.

तो १६५१ मध्ये वारला आणि पुढच्याच वर्षी वाकाशु काबुकीवर मनाई आली. माझ्या मते काबुकीच्या दृष्टीने हा दुसरा हुकूम पहिल्याहून मोठा होता. १६५३ मध्ये नाट्यगृहे पुन्हा उघडली ती दोन अटींवर: नटांनी कपाळावरची बट भादरून प्रौढ पुरुषासारखे दिसावे, आणि नाचगाण्याऐवजी कथानक असलेले अनुकरणात्मक खेळ करावेत. कोवळे रूप दाखवून पैसे मिळवण्याचा रस्ता बंद झाल्यावर अभिनयाला आणि संहितेला महत्त्व आले. दहाएक वर्षांत अनेक अंकी नाटके होऊ लागली. स्त्रीभूमिका करणारे नट भादरलेल्या कपाळावर जांभळ्या रेशमाचा तुकडा बांधू लागले, आणि ती त्यांची खूण झाली. नटाने पुरुषपात्रे करणार की स्त्रीपात्रे, हे अधिकाऱ्यांकडे नोंदवायचे होते. ओन्नागाता हा वेगळा पेशा अशा कचेरीतल्या नोंदीतून पक्का होत गेला. गेन्रोकु काळातल्या, म्हणजे सतराव्या शतकाच्या अखेरच्या, एका नामांकित ओन्नागाताने घरीदारीही स्त्रीसारखेच वागावे असा दंडक सांगितला. तो पुढच्या पिढ्यांनी प्रमाण मानला.

नाट्यसाहित्याचा पुढचा बहर, ओसाकाची बाहुलीनाट्ये आणि १७०३ मध्ये प्रत्यक्ष आत्महत्येनंतर महिन्याभरात मंचावर आलेले प्रेमी युगुलाचे नाटक, हा स्वतंत्र विषय आहे. अशा नाटकांवरही वीस वर्षांत मनाई आली आणि तीही पूर्ण टिकली नाही, इतकेच इथे पुरे.

मनाईच्या काळात स्त्रिया काय करत होत्या? सरदारांच्या वाड्यांत अंतःपुरात पुरुषांना प्रवेश नसे. तिथल्या बायकांना काबुकी पाहायची तर स्त्री कलावंतच लागत. ‘ओक्योगेनशी’ नावाच्या या स्त्रिया नृत्य शिकवत आणि वाड्यात काबुकीतले प्रवेश पुरुषपात्रांसह पूर्ण करून दाखवत. शहरांतल्या छोट्या गायनगृहांत स्त्रिया गिदायु, म्हणजे जोरुरीचाच एक प्रकार, गात. १८४० च्या दशकात शोगुनशाहीने केलेल्या तेंपो सुधारणांत त्यांची धरपकड झाली, आणि १८६८ नंतरच्या मेइजी काळात त्याच कलेने विद्यार्थ्यांना वेड लावले. कला स्त्रियांच्या हातून कधीच गेलेली नव्हती. फलकावर नाव लागणारे व्यावसायिक नाट्यगृह तेवढे त्यांच्या हातून गेले होते.

मेइजी काळात चित्र उलटेपालटे होते. १८८६ मध्ये राजकारणी, उद्योगपती आणि प्राध्यापकांनी नाट्यसुधारणेसाठी मंडळ काढले. पाश्चात्त्य पाहुण्यांना अभिमानाने दाखवता येईल असे नाटक त्यांना हवे होते, आणि स्त्रीभूमिका स्त्रियांनी कराव्यात हा त्यांचा एक मुद्दा होता. १८८७ च्या एप्रिलमध्ये परराष्ट्रमंत्र्यांच्या निवासस्थानी सम्राटाने प्रथमच काबुकी पाहिली आणि नदीपात्रातून आलेल्या या कलेला प्रतिष्ठा मिळाली. तो खेळ पुरुषांचाच होता. मंडळ एकदोन वर्षांत विरले. १८९० मध्ये टोकियोच्या पोलिसांनी स्त्री-पुरुषांच्या एकत्र नाटकाला परवानगी दिली आणि पुढच्या वर्षी तसा प्रयोग झालाही. कायद्याच्या दृष्टीने गोष्ट इथे संपायला हवी होती.

ती संपली नाही. १८९९ मध्ये अमेरिकेला गेलेल्या एका मंडळात पूर्वाश्रमीची गेशा मुख्य नटी झाली आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात तिने नाव काढले. परतल्यावर १९०८ मध्ये तिने नट्यांसाठी शाळा उघडली. पहिल्या तुकडीतली एक मुलगी वकील आणि संसद सदस्य असलेल्या गृहस्थाची. तिने नटी व्हायचे ठरवले म्हणून तिच्या जुन्या शाळेच्या माजी विद्यार्थिनींच्या संघाने तिचे नाव काढून टाकले. १९०९ मध्ये टोकियोत इब्सेनचे नाटक प्रथम झाले, तेव्हा आधुनिकतेच्या त्या प्रयोगातही स्त्रियांची कामे काबुकी नटांनी केली. दोनच वर्षांनी, १९११ मध्ये, नव्या इम्पीरियल थिएटरात ‘डॉल्स हाउस’मधली नोरा एका स्त्रीने साकारली आणि तिच्या घर सोडून जाण्यावर देशभर वाद झाला. याच थिएटरच्या पदरी असलेल्या नट्या काबुकी नटांच्या बरोबरीने एकाच मंचावर उभ्या राहत. काबुकीत स्त्रिया परतण्याची वाट तिथून गेली असती. पण १९२३ च्या भूकंपात थिएटर जळाले, पुन्हा उभे राहिले आणि तीसच्या दशकात त्याचे सिनेमागृह झाले.

याच दोन-तीन दशकांत ओन्नागाताच्या समर्थनाचा युक्तिवाद तयार झाला: काबुकीतली स्त्री ही शैली आहे, जड वस्त्रे आणि केशटोप पुरुषी देहालाच झेपतात, खरी स्त्री तिथे उभी राहिली की ती शैली मोडते. सरकारी हुकूम आता सौंदर्यशास्त्र झाला. ओन्नागाताची कला थोर आहे, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण ती थोर आहे म्हणून स्त्रीने ती शिकू नये, हे कसे सिद्ध होते? वाड्यांतल्या ओक्योगेनशी ती शिकल्याच होत्या. १९१४ पासून ताकाराझुका या फक्त मुलींच्या संगीतनाट्य मंडळात मुलींनी सगळ्या पुरुषभूमिका करायला सुरुवात केली, तेव्हा शैली देहाच्या पलीकडची असते हे प्रेक्षकांनी आनंदाने मान्य केले.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी ताबा सरकारने सरंजामी निष्ठेची नाटके रोखली. १९४७ अखेरपर्यंत ती बहुतेक परत आली. कोणी मंचावर यावे, याला त्यांनी हात लावला नाही. पन्नाशीच्या दशकात आइची प्रांतातल्या तोयोकावा शहरातल्या मुलींचे काबुकी मंडळ टोकियोपर्यंत गाजले, पण मुख्य प्रवाहाने त्याला कौतुकापलीकडे जागा दिली नाही. १९६५ मध्ये काबुकीला राष्ट्रीय अमूर्त वारशाचा दर्जा मिळाला, १९६६ मध्ये राष्ट्रीय नाट्यगृह उघडले, २००५ मध्ये जागतिक वारशाची घोषणा झाली. प्रत्येक पावलागणिक त्या क्षणीची काबुकी हीच मूळची काबुकी ठरत गेली.

नोहमध्ये दार जरा आधी किलकिले झाले. १९४८ मध्ये स्त्रियांना व्यावसायिक म्हणून मान्यता मिळाली आणि २००४ मध्ये राष्ट्रीय वारशाचे धारक मानल्या जाणाऱ्या कलावंतांच्या संघात त्या प्रथमच आल्या. काबुकीत मुली लहान वयात बालभूमिका करतात आणि मोठ्या झाल्या की थांबतात. १९७० मध्ये राष्ट्रीय नाट्यगृहाने काबुकी घराण्याबाहेरच्या तरुणांसाठी प्रशिक्षण सुरू केले. घराण्याची अट गेली, पुरुष असण्याची राहिली. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये काबुकीच्या एका मोठ्या घराण्यात जन्मलेली, नाटक-सिनेमात नाव कमावलेली अभिनेत्री टोकियोच्या काबुकी-झा नाट्यगृहात भूमिका करताना दिसली. तिच्या मुलाचे घराण्याच्या नावाने पदार्पण त्याच वर्षी मे महिन्यात त्याच मंचावर झाले होते.