उन्हात उमटणारी निळी रानफुले

समुद्रकाठची रानफुले आणि शैवाल कागदावर उतरवायला सायनोटाइप, म्हणजे रसायन लावलेल्या कागदावर वनस्पती ठेवून उन्हाने निळा ठसा उमटवणे, ही फार सुटसुटीत पद्धत आहे. कॅमेरा लागत नाही, डार्करूम लागत नाही. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी ती १८४२ मध्ये शोधली. पुढच्याच वर्षी वनस्पती-अभ्यासक अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांनी याच पद्धतीने समुद्री शैवालांच्या ठशांचे पुस्तक काढायला सुरुवात केली. शनिवार-रविवारच्या सामूहिक कार्यक्रमात ती सहज बसते, फक्त खारट दमट हवेचा बंदोबस्त आधी करायला हवा.

वीस जणांनी प्रत्येकी चार छोटे (ए-५) कागद करायचे, तर १०० मिली पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट आणि वेगळ्या १०० मिली पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड पुरून उरते. हातमोजे घालावेत, आणि फेरिसायनाइडजवळ तीव्र आम्ल अजिबात आणू नये. दोन्ही द्रावणे समप्रमाणात, लागतील तेवढीच मिसळायची आणि मंद पिवळ्या दिव्यात मऊ ब्रशने जलरंगाच्या कागदावर पातळ थर द्यायचा. कागद अंधारात पूर्ण वाळायला हवा. ओलसर राहिला की पान त्याला चिकटते आणि पांढऱ्या जागी निळे डाग पडतात. म्हणून किनाऱ्यावर कागद आदल्या संध्याकाळी तयार करून हवाबंद काळ्या पिशवीत ठेवलेले बरे.

वनस्पती गोळा करतानाही घाई नको. वाळू धरून ठेवणाऱ्या वेली उपटू नयेत, एखाददुसरे पान-फूल पुरते. शैवाल लाटांनी आणून टाकलेलेच घ्यावे आणि गोड्या पाण्यात दोनदा धुवावे. मीठ राहिले, तर ते हवेतला ओलावा ओढत राहते. मर्यादवेलीसारखी जाड पाने टिपकागदात दाबून रात्रभर वजनाखाली ठेवावीत. पान कागदापासून उचललेले राहिले की कडा पुसट येतात, कारण अतिनील किरणांचा मोठा हिस्सा आकाशातून विखुरून, सगळ्या बाजूंनी येतो आणि पानाखाली शिरतो. वर साधी काच ठेवून चिमटे लावले की हे टळते. अतिनील किरण अडवणारे अ‍ॅक्रिलिक मात्र चालत नाही.

उन्हात नेमके काय घडते? अतिनील किरणांमुळे सायट्रेट आपले इलेक्ट्रॉन लोहाला देते. फेरिक लोहाचे फेरस होते, ते फेरिसायनाइडशी जुळते आणि पाण्यात न विरघळणारा प्रशियन ब्लू हा गडद निळा रंग तयार होतो. पानाखालचे रसायन तसेच राहते आणि धुऊन जाते. पाकळ्यांची गंमत अशी, की डोळ्यांना जवळजवळ पारदर्शक वाटणारी पांढरी पाकळीही पुष्कळदा कागदावर फिकी, स्पष्ट उमटते. तिच्यातली फ्लॅव्होनॉइड द्रव्ये अतिनील किरण शोषून घेतात.

कडक उन्हात ५ ते १० मिनिटे पुरतात. ढगाळ हवेत अर्धा तासही लागतो. उघडा भाग निळ्यापलीकडे जाऊन राखाडी दिसू लागला की कागद उचलावा. लवकर काढला तर धुताना निळा रंग वाहून जातो. मग पिवळेपणा जाईपर्यंत ५-१० मिनिटे गोड्या पाण्यात धुवावे. समुद्राचे पाणी वापरू नये, ते किंचित अल्कधर्मी असते आणि अल्क प्रशियन ब्लू तोडते. नळाचे पाणी जड असेल, तर पहिल्या पाण्यात थोडे व्हिनेगर घालावे. निळा रंग पुढच्या दिवसभरात आपोआप गडद होतो.

भिंतीवर लावलेला ठसा उजेडाने फिकटला, तर काही दिवस अंधारात, हवेशीर जागी ठेवावा. रंग बऱ्याच अंशी परत येतो. अल्कामुळे गेलेला रंग असा परतत नाही. तेव्हा चौकटीत मागे लावायचा पुठ्ठा खडूची भुकटी मिसळलेला नसावा.