एका जोखडाखाली दोन सेलेरॉन

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या घराच्या माळ्यावर १९९९च्या सुमाराचा एक डेस्कटॉप आहे. एकाच बोर्डावर दोन प्रोसेसर, दोन्ही इंटेलचे सेलेरॉन ३६६, म्हणजे मूळ वेग ३६६ मेगाहर्ट्झ. सेलेरॉन म्हणजे स्वस्तातला माल; जोडीने वापरायला इंटेलने तो विकलाच नव्हता. पण जोडीने चालायची सोय चिपच्या आत शाबूत राहिली होती, आणि बोर्ड बनवणाऱ्यांनी ती बरोबर हेरली. तसाच एक बोर्ड फिरत फिरत माझ्याकडे आला.

गेल्या पावसाळ्यात मी तो ५५० मेगाहर्ट्झवर चालवला. महिनाभर काही तक्रार नाही. मग एप्रिल आला. तेच मशीन, तेच सेटिंग, आणि दहा मिनिटांत स्क्रीन जागच्या जागी गोठलेला. उद्यमबागेत लेथ चालवणारे आमचे मामा डोकावून म्हणाले, "पट्टा चढवलास रे पुलीवर, आता थरथरूलंय बघ."

पट्ट्याची उपमा चपखल आहे. बोर्डावर एक मूळ ठोका असतो, त्याला बस म्हणतात. प्रोसेसर त्याला ठरलेल्या आकड्याने गुणतो. सेलेरॉन ३६६चा गुणक ५.५, आणि तो कारखान्यातच कुलूपबंद. त्यामुळे ६६चा ठोका १०० केला की थेट ५५०. पण त्याच ठोक्यावर मेमरी चालते, आणि त्याला भागून ग्राफिक्स कार्ड आणि हार्ड डिस्कचा पीसीआय मार्ग चालतो. एक पट्टा ओढला की अख्खं वर्कशॉप फिरतं.

इथे मला सगळ्यात जास्त फसवलं ते ८३ मेगाहर्ट्झने. वाटलं, १०० झेपत नाही तर मधला आकडा धरू. पीसीआयला ३३ मेगाहर्ट्झ लागतात. १००च्या ठोक्याला बोर्ड तिनाने भागतो, ३३ मिळतात, सगळं जागेवर. ८३ला मात्र तो दोनानेच भागतो, म्हणजे ४१.५! प्रोसेसर मजेत ४५६वर पळतोय आणि तिकडे डिस्कवर चुकीचे बाइट लिहिले जातायत. दोन दिवसांनी फाइली उघडेनात तेव्हा कळलं. कमी वेग जास्त धोक्याचा असू शकतो, हे लेथवर कधी पटलं नसतं.

मग शोध सुरू केला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, एवढाच नियम. आधी मेमरी तपासणारी मेमटेस्ट रात्रभर चालवली, मेमरी निर्दोष. मग विंडोज २०००. (विंडोज ९८ला दुसरा प्रोसेसर दिसतच नाही, तिथे ही सगळी मेहनत फुकट.) प्राइम९५च्या दोन प्रती सुरू केल्या आणि टास्क मॅनेजरमधून एकेक प्रत एकेका प्रोसेसरला बांधली. हा प्रोग्रॅम मोठमोठे गुणाकार करतो आणि उत्तर स्वतःच तपासतो. पहिला प्रोसेसर तीन तास ठणठणीत. दुसऱ्याने अकराव्या मिनिटाला हिशेब चुकवला. दोघांच्या जागा अदलाबदल केल्या, तर चूकही चिपबरोबरच सरकली. म्हणजे सॉकेट नाही, चिपच कच्ची. बैलजोडीतला एक थकला की गाडी त्याच्याच चालीने जाते. ठोका दोघांना एकच, प्रत्येकाला वेगळा देता येत नाही.

कच्च्या चिपला व्होल्टेज वाढवून दिलं तर ट्रान्झिस्टर लवकर पलटतात, पुढचा ठोका पडायच्या आत काम उरकतं. पण उष्णता वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. २.० वरून २.२ व्होल्ट म्हणजे १.२१ पट, वेग दीडपट. एकूण सुमारे १.८ पट. प्रत्येकी २२ वॅटच्या आसपास असलेली चिप ४०कडे जाते, आणि अशा दोन. तापलेली चिप पुन्हा मंदावते, म्हणजे वाढवलेल्या व्होल्टेजचा फायदा तीच खाऊन टाकते. शिवाय खोलीचं तापमान चिपवर जसंच्या तसं चढतं: पावसाळ्यातली २४ अंशांची खोली एप्रिलमध्ये ३६ला गेली की चिपही १२ अंशांनी वर. बेळगाव अडीच हजार फुटांवर आहे, हवा समुद्रकाठापेक्षा साधारण आठ टक्के विरळ. पंखा तेवढाच फिरला तरी उष्णता थोडी कमीच वाहून नेतो.

चिपची उष्णता ओढून घेणारा धातूचा हीटसिंक काढला तर खालची पेस्ट खडूसारखी वाळलेली. ती खरवडून नवी लावली. सॉकेटशेजारच्या दोन कपॅसिटरचे माथे फुगलेले दिसले. त्या काळातल्या बऱ्याच बोर्डांचं हे जुनं दुखणं. आतला द्रव बिघडला की प्रोसेसरला जाणारा वीजदाब सपाट राहत नाही, थरथरतो. मामांचा शब्द असा दुसऱ्यांदा खरा ठरला. त्याच मापाचे, कमी अंतर्गत रोधाचे नवे कपॅसिटर मामांनीच डाग देऊन बसवले, प्लस-मायनस दोनदा तपासून.

एवढं करूनही ती चिप एप्रिलच्या दुपारी ५५०ला टिकली नाही. ठोका ९५वर आणला, व्होल्टेज २.१. भागाकार तिनाचाच राहतो, डिस्क सुरक्षित. आता दोन्ही ५२२वर चालतात. केसची एक बाजू उघडी ठेवलीय, आणि मांजराला माळ्यावर बंदी आहे.