गरोदरपणातील विषाणूजन्य कावीळ

यकृताला सूज (हिपॅटायटिस) आणणाऱ्या ए, बी, सी, डी आणि ई या पाच विषाणूंपैकी कोणाचीही बाधा गरोदर स्त्रीला होऊ शकते. मात्र आईच्या जिवावर उठतो तो प्रामुख्याने ई, आणि बाळाला आयुष्यभर चिकटतो तो बी.

हिपॅटायटिस ई आपल्याकडे मुख्यतः सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातून पसरतो. एरवी तो काही आठवड्यांत आपोआप बरा होतो. शंभरात जेमतेम एखादा रुग्ण दगावतो. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत मात्र मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत गेल्याचे आढळले आहे. यकृत अचानक निकामी होते, रोगी असंबद्ध बोलू लागते, रक्त गोठेनासे होते आणि बाळंतपणात रक्तस्राव आवरत नाही. मूल पोटातच दगावते किंवा अपुऱ्या दिवसांचे जन्मते. हे गरोदरपणातच का घडते, याचा पूर्ण उलगडा झालेला नाही. युरोपात डुकराच्या मांसातून पसरणारा ई चा प्रकार गरोदर स्त्रियांना इतका घातक ठरत नाही.

दिल्लीत १९५५-५६ मध्ये यमुनेच्या पाण्यात नाल्याचे सांडपाणी शिरले आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. ती साथ ए ची, असेच पुढे बरीच वर्षे धरून चालले होते. १९७८ च्या काश्मीरमधील साथीत गरोदर स्त्रियांचे मृत्यू डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांच्या नजरेत भरले आणि हा रोग वेगळा असल्याचा संशय बळावला. १९८३ मध्ये विषाणू प्रत्यक्ष दिसला. महाराष्ट्रात इचलकरंजीने २०१२ मध्ये अशीच साथ अनुभवली.

ई वर गरोदरपणात देता येईल असे खात्रीचे औषध नाही. रिबाव्हिरिन हे विषाणूविरोधी औषध गर्भाला अपायकारक असल्याने वर्ज्य आहे. म्हणून डोळे पिवळे दिसताच गाठायचे ते रुग्णालय. माळ घालण्यात किंवा कावीळ उतरवून घेण्यात गेलेले दोन-तीन दिवस महागात पडतात.

बी ची गोष्ट उलटी. आईला बहुधा काहीच जाणवत नाही, पण प्रसूतीच्या वेळी बाधा झालेल्या दहापैकी नऊ बाळांत ती कायमची मुरते. पुढे यकृताचा सिरोसिस (यकृतावर व्रण पडून ते कडक होणे) किंवा कर्करोग होऊ शकतो. जन्मानंतर २४ तासांच्या आत लस आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) दिल्यास हे बहुतांशी टळते. आईच्या रक्तात विषाणू फार असतील तर तिला टेनोफोव्हिर हे विषाणूविरोधी औषध सुरू करतात. लस दिलेल्या बाळाला अंगावर पाजायला हरकत नसते.