गाळ

गाळ म्हणजे पाण्याबरोबर वाहत येऊन पाणी संथ झालं की तळाशी बसणारी बारीक माती. चिखल आणि गाळ एकच समजतात पण तसं नाही, चिखल जागच्या जागी होतो, अंगणात पाऊस पडला की झाला चिखल, गाळ मात्र कुठून तरी आलेला असतो. पुळणीवरची वाळू पण पाणीच आणतं, तिला कोणी गाळ म्हणत नाही कारण ती हातातून निसटते, गाळ बोटांच्या रेषांत जाऊन बसतो. विहिरीच्या आणि तेलाच्या डब्याच्या तळाशी राहतो तोही गाळच.

कोकणात नद्या आखूड आणि उताराच्या. सह्याद्रीवरून तांबडी माती घेऊन सुसाट येतात, खाली खाडीत भरतीचं पाणी अडवतं, वेग मरतो आणि माती खाली बसते, शिवाय खाऱ्या पाण्यात मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात म्हणून खाडीच्या तोंडाशी जास्तच साचतो. राजापूरपर्यंत एकेकाळी गलबतं यायची, खाडी गाळाने भरत गेली आणि बंदर मागे पडलं. आजही बंदरात गाळ साचला की होड्या भरतीची वाट बघत थांबतात.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठी आणि शिवनदीचं पाणी चिपळूणच्या बाजारात शिरलं. पाणी ओसरलं, गाळ राहिला. शटर वर केलं की आत घोटाभर थर, कपड्यांच्या गठ्ठ्यांत, वजनकाट्याच्या खाली, वह्यांच्या पानापानात. ओला असताना घमेल्याने निघतो, वाळला की भेगा पडून दगडासारखा, मग खरवडावा लागतो, म्हणून लोक दिवसरात्र फावडी घेऊन होते. त्यानंतर नदीतला गाळ काढा म्हणून गावाने जोर लावला आणि उपसा झाला.

बोलण्यात शब्द बहुतेक वाईट अर्थानेच येतो, धंदा गाळात गेला, पाय गाळात रुतला. हे मला पटत नाही. वैशाखात विहीर उपसतात तेव्हा आत उतरलेला माणूस घमेलं भरून देतो, वर दोरीने ओढतात आणि तोच काळा गाळ माडाच्या आळ्यात घालतात. धरणाचं पाणी मागे हटल्यावर उघड्या पडलेल्या जमिनीवर पेरतात त्याला गाळपेर म्हणतात. 2017 पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही सरकारी योजनाही आहे, धरणातला गाळ काढून शेतात टाकायची.